लुगर पी-०८ साठी नव्या ग्रिप्स घेताय? आधी हे वाचा

जर्मन सैन्याने १९०८ मध्ये स्वीकारलेल्या लुगर पिस्तुलाच्या मूळ ग्रिप्स बहुधा अक्रोडाच्या, बारीक चौकटी कोरलेल्या. दोन्ही बाजूंना एकेकच स्क्रू असतो, त्यामुळे बदलणं सोपं वाटतं. पण कारखान्यात लाकूड त्या-त्या पिस्तुलाला घासून बसवलेलं असे. म्हणून दुसऱ्या लुगरची ग्रिप हमखास चपखल बसेलच असं नाही.

✅ काढण्याआधी मॅगझिन बाहेर, चेंबर रिकामं. डोळ्यांनी खात्री कराच.
✅ ग्रिपची आतली बाजू पाहा. अनेक लष्करी लुगरवर तिथे सिरीयल नंबरचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. ते जुळत असतील तर तडा गेलेली ग्रिपही फेकू नका. संग्राहकांसाठी तीच मोलाची.
✅ डावी ग्रिप सर्वात नाजूक. सेफ्टीच्या खटक्यापाशी लाकूड पातळ असतं आणि टवका तिथेच उडतो. जोर लावू नका.
✅ नवी ग्रिप थोडी जाड असलेलीच बरी. आतून बारीक पॉलिश पेपरने हळूहळू घासा, पुन्हा पुन्हा बसवून बघा. जास्त घासलेलं लाकूड परत येत नाही.

तुमच्या ग्रिप्सवर कोणते आकडे आहेत? कमेंटमध्ये फोटो टाका, मिळून ओळखूया!