भूत पकडायला जादूगारच हवा!

हॉस्टेलमध्ये प्लँचेट केलंय कधी? मेणबत्ती, उपडी वाटी, कागदावर लिहिलेली एबीसीडी आणि परीक्षेच्या टेन्शनमध्ये बोलावलेला कुणाचा तरी आत्मा! वाटी सरकते आणि प्रत्येक जण आईशप्पथ सांगतो, 'मी नाही ढकलली यार!' आपल्यासाठी हा रात्रभराचा टाइमपास. पण शंभर वर्षांपूर्वी अमेरिका-युरोपात हा रीतसर धंदा होता. अंधारी खोली, टेबलाभोवती हात धरून बसलेली माणसं आणि मेलेल्यांशी बोलणं करून देणारा 'मीडियम'.

सुरुवात केली दोन बहिणींनी. १८४८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सविल गावात मॅगी आणि केट फॉक्स यांच्या घरात रात्री टकटक ऐकू यायला लागली. तुम्ही प्रश्न विचारा, भूत टकटक करून उत्तर देणार! थोरल्या बहिणीने दोघींचे जाहीर प्रयोग सुरू केले आणि पैसा येऊ लागला. चाळीस वर्षांनी, ऑक्टोबर १८८८मध्ये, खुद्द मॅगीनेच न्यूयॉर्कच्या स्टेजवर बूट काढला आणि पायाच्या अंगठ्याचा सांधा वाजवून ती टकटक भरल्या थिएटरला ऐकवली. झोल संपला? छे! पुढच्याच वर्षी तिने कबुली मागे घेतली आणि धंदा चालूच राहिला.

आता तुम्ही म्हणाल, अडाणी लोक फसत असतील. अहो, थॅलियम हे मूलद्रव्य शोधणारे सर विल्यम क्रूक्स एका तरुण मीडियमच्या 'आत्म्या'चे फोटो काढत बसले होते. शेरलॉक होम्सचे जन्मदाते आर्थर कॉनन डॉयल तर पेशाने डॉक्टर, तरी या पंथाचे स्टार प्रचारक!

डॉयलसाहेबांचा एक दोस्त होता, हॅरी हुडिनी. बेड्या, साखळ्या, कुलूपबंद पेट्या यांतून सुटणारा जगप्रसिद्ध जादूगार. १९१३मध्ये त्याची आई गेली आणि गडी पार कोसळला. जून १९२२मध्ये अटलांटिक सिटीतल्या हॉटेलात लेडी डॉयल यांनी 'तुझी आई बोलतेय' म्हणत पानंच्या पानं लिहून दिली. सगळी इंग्रजीत, आणि वर क्रूस काढलेला. हुडिनीची आई ज्यू रब्बाईची बायको होती आणि तिला इंग्रजी जवळपास येतच नव्हतं! आईशी एकदा तरी बोलायला मिळावं म्हणून तो खरोखर आशेने बसला होता. ती मैत्री तुटली आणि हुडिनी मीडियम लोकांच्या हात धुऊन मागे लागला.

बोस्टनची मार्जरी

त्याची सगळ्यात गाजलेली केस म्हणजे बोस्टनची 'मार्जरी'. खरं नाव मिना क्रँडन, एका नामवंत सर्जनची देखणी बायको. तिचा मेलेला भाऊ वॉल्टर अंधारात यायचा, बोलायचा, घंटा वाजवायचा. 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकाने अस्सल चमत्काराला २५०० डॉलर्सचं बक्षीस लावलं होतं. तपासाच्या कमिटीत प्रोफेसर मंडळी होती, आणि हुडिनीही. गंमत बघा, सुरुवातीच्या बैठकांना हुडिनीला बोलावलंच नाही! बक्षीस बाईंनाच मिळणार अशी हवा तयार झाल्यावर जुलै १९२४मध्ये तो बोस्टनला पोहोचला.

त्या रात्री हुडिनी मार्जरीच्या डाव्या हाताला बसला, पायाला पाय लावून. दोन पायांमध्ये घंटेची लाकडी पेटी. झाकण दाबलं की घंटा वाजते. पठ्ठ्याने दिवसभर गुडघ्याखाली घट्ट रबरी पट्टी बांधून पाय मुद्दाम सुजवून घेतला होता. कारण सुजलेल्या कातडीला जरासा स्पर्शही कळतो. अंधार झाल्यावर त्याने हळूच पँट वर सरकवली. मार्जरीचा घोटा अगदी इंचाइंचाने सरकत होता, आणि दर वेळी वॉल्टरची घंटा वाजत होती. बक्षीस गेलं. पुढे १९३२मध्ये वॉल्टरने मेणात उमटवलेला म्हणून मिरवलेला अंगठ्याचा ठसाही मार्जरीच्या जिवंत डेंटिस्टचा निघाला!

प्रोफेसरांना जे दिसलं नाही, ते जादूगाराला का समजलं? निसर्ग चीटिंग करत नाही. लॅबमधल्या माणसाला मुद्दाम फसवणाऱ्याची सवय नसते. जादूगाराचं पोटच त्या सवयीवर चालतं.

हाच मुद्दा जेम्स रँडी या जादूगाराने साठ वर्षांनी पुन्हा सिद्ध केला. १९७९मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला अतींद्रिय शक्तींच्या संशोधनासाठी पाच लाख डॉलर्स मिळाले. रँडीने तिथे दोन पोरं घुसवली, दोघंही हातचलाखीत तरबेज. वर संशोधकांना काय काय जपावं याची यादीही पाठवली. पोरांना सूचना एकच: 'तुम्ही ट्रिक करताय का' असं कुणी सरळ विचारलं, तर हो म्हणायचं. रँडीच्या सांगण्यानुसार चमचे वाकत राहिले, पण हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. १९८३मध्ये त्याने सगळं जाहीर केलं.

आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंनिसचे कार्यकर्ते याच वाटेने गेले. जिभेवर जळता कापूर, नारळातून निघणारी करणी... बुवांचे 'चमत्कार' स्वतः करून दाखवायचे आणि मग ट्रिक सांगायची. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, तो त्याच डिसेंबरात मंजूर झाला.

रँडीचा आणखी एक शिकार म्हणजे टीव्हीवरचा धर्मोपदेशक पीटर पॉपॉफ. हजारोंच्या गर्दीत तो अनोळखी माणसाचं नाव, पत्ता, आजार धडाधड सांगायचा. लोक भारावून आपली औषधं स्टेजवर फेकायचे. आता विचार करा, त्यात एखाद्याची हार्टची गोळी असेल तर? १९८६मध्ये रँडीच्या टीमने सभेत रेडिओ स्कॅनर नेला आणि ३९.१७ मेगाहर्ट्झवर देवाचा आवाज सापडला. पॉपॉफची बायको! लोकांनी आधी भरून दिलेल्या प्रार्थनेच्या कार्डांवरून ती नवऱ्याच्या कानातल्या यंत्रात माहिती वाचून दाखवत होती. ती टेप जॉनी कार्सनच्या शोमध्ये सगळ्या अमेरिकेने ऐकली. पुढच्याच वर्षी पॉपॉफने दिवाळं काढलं.

आणि मग काही वर्षांनी तो टीव्हीवर परत आला. या वेळी 'चमत्कारी झऱ्याच्या पाण्या'ची छोटी पाकिटं घेऊन. घरपोच, अगदी फुकट. पैसे मागणारी पत्रं मागाहून यायची.