मातीचे विरजण

वाघूर नदीच्या नालाकृती वळणावरील अजिंठ्याची लेणी पाहण्यास जगभरातून प्रवासी येतात. ज्या अग्निजन्य काळ्या पाषाणात ती कोरली गेली, त्याच जातीचा खडक झिजून भोवतालच्या सिल्लोड व सोयगाव तालुक्यांची काळी जमीन तयार झाली. भित्तिचित्रांखालचा गिलावाही मातीचाच. भिंतीवरच्या त्या मातीच्या रक्षणासाठी शासन झटते, ते योग्यच आहे. परंतु लेण्यांबाहेरची माती जिवंत आहे आणि तिच्यातील जीवसृष्टी क्षीण झाली तर शेतकऱ्याचा खर्च वाढून जमीन खंगते, याची जाणीव अद्याप पुरेशी रुजलेली नाही.

कडधान्याच्या पिकाने जमिनीचा कस वाढतो, हे कुणब्याला पूर्वापार ठाऊक होते. त्याचे कारण हेलरीगेल व विलफार्थ या जर्मन संशोधकांनी १८८८ साली सिद्ध केले. त्याच वर्षी हॉलंडच्या बायेरिंक यांनी मुळांवरील गाठींतून हे जीवाणू वेगळे करून दाखविले. हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असूनही वनस्पतीला ते थेट घेता येत नाही. तूर, मूग, हरभरा यांच्या मुळांत वस्ती करणारे रायझोबियम जीवाणू मात्र ते पिकाला देतात आणि मोबदल्यात पिकाकडून साखर घेतात. खतांच्या कारखान्यांत जे काम प्रचंड दाब व उष्णता यांवाचून होत नाही, ते येथे शेतातच निमूटपणे पार पडते.

अजिंठ्याच्या परिसरातील प्रमुख पिके कापूस आणि मका. त्यांच्या मुळांवर अशा गाठी येत नाहीत. पण मातीत मोकळेपणी राहणारे ॲझोटोबॅक्टरसारखे जीवाणू त्यांना काही प्रमाणात नत्र पुरवितात. काळ्या चुनखडीयुक्त जमिनीत चुन्याशी बांधला गेलेला स्फुरद विरघळविणारे जीवाणूही आहेत. १९७२ साली परभणीस स्थापन झालेले मराठवाडा कृषी विद्यापीठ अशी संवर्धके तयार करून शेतकऱ्यांना पुरवीत आले आहे. दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅमचे एक पाकीट गुळाच्या पाण्यातून चोळावे, बियाणे सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे, एवढाच हा खटाटोप.

मग अनुभव निराशेचा का येतो? पाकिटात जीव असतो, याचा विसर पडतो म्हणून. खत नियंत्रण आदेशात २००६ साली जैविक खतांचा समावेश झाला. भुकटीच्या संवर्धकात ग्रॅममागे किमान पाच कोटी जीवाणू असावेत, असा दंडक घातला गेला. पण मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला असता पत्र्याच्या छपराखाली पडून राहिलेल्या पाकिटात त्यांतले किती उरणार? मेलेल्या विरजणाने दही लागत नाही, त्यात दुधाचा दोष नसतो. शेतकरी मात्र एकदा फसला की जीवाणूंनाच थोतांड ठरवितो आणि पुन्हा युरियाच्या गोणीकडे वळतो.

जीवाणूंनी रासायनिक खत पूर्णतः हद्दपार होईल, असा प्रचारही तितकाच घातक आहे. संवर्धक पूरक आहे, सर्वस्व नव्हे. शिवाय नत्रखताचा मारा झाला की कडधान्यांच्या मुळांवरील गाठी कमी होतात, आणि सेंद्रिय पदार्थ नसलेल्या जमिनीत ॲझोटोबॅक्टरची उपासमार होते. पऱ्हाट्या जाळून टाकायच्या आणि मग जीवाणूंचे पाकीट विकत आणायचे, हा व्यवहार विसंगत आहे.

यासाठी तालुक्याच्या गावी संवर्धकांची थंड जागी साठवण, विक्रीच्या वेळी मुदतीची तपासणी आणि कापसात तूर, मूग किंवा उडीद यांचे आंतरपीक, या तीन गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. शिक्षकांनाही यात वाटा उचलता येईल. पेरणीनंतर सुमारे दीड महिन्याने मुगाचे रोप मुळासकट हलकेच उपटून गाठ चिरून दाखवावी. आतून ती गुलाबी दिसली तर जीवाणू कामावर आहेत, असे समजावे. लेणी पाहावयास नेलेल्या विद्यार्थ्यांना परतीच्या वाटेवर एखाद्या शेतात हेही दाखविले, तर अजिंठ्याच्या मातीची दुसरी बाजूही त्यांच्या ध्यानी राहील.