घडीचा स्वस्त चाकू : पारख, दुरुस्ती आणि वापर

उत्तरेस सातपुड्याची रांग व दक्षिणेस तापी यांच्यामध्ये पसरलेल्या चोपडे तालुक्यात केळी व कापूस ही प्रमुख पिके होत. रावेर, यावल व चोपडे या तालुक्यांच्या केळीबागांमुळे जळगाव जिल्ह्याचे नाव दूरवर पोहोचले असून, सन २०१६ मध्ये 'जळगाव केळी' या नावाची भौगोलिक मानांकनात नोंदही झाली आहे. या बागांत राबणाऱ्या शेतकऱ्यांपैकी अनेकांच्या बंडीच्या खिशात एक लहानसा घडीचा चाकू असतो. लोंबणारे वाळके पान काढणे, शेवटची फणी सुटल्यावर केळफूल छाटणे, पोत्याची सुतळी तोडणे, ठिबकची नळी कापणे, लिंबाच्या रोपावर डोळा भरणे अशी किती तरी कामे हे एकच अवजार करते.

नांगर किंवा पंप घेताना शेतकरी चार ठिकाणी चौकशी करतो. चाकू मात्र आठवडे बाजारात, चहा-फराळाला लागतील तेवढ्या पैशांत, रंगीत मूठ पाहून घेतला जातो. तो पंधरा दिवसांत बोथट होतो, महिन्यात डुगडुगू लागतो आणि एखाद्या दिवशी बोटावर मिटतो. मग 'स्वस्त ते वाईट' असे म्हणून दुसरा तसाच चाकू घेतला जातो. हा दोष केवळ किमतीचा नव्हे. योग्य पारख केली व घरी तासभर मेहनत घेतली, तर स्वस्त चाकूही वर्षानुवर्षे सेवा देऊ शकतो.

स्वस्ताई कोठून येते?

घडीच्या चाकूचे मुख्य भाग चार : पाते, मूठ, पाते ज्यावर फिरते ती रिव्हेट आणि पात्याच्या बुंध्यावर दाब ठेवणारी पाठीची स्प्रिंग. किंमत कमी ठेवण्यासाठी कारखानदार प्रथम हातमेहनतीत काटकसर करतो. धार नीट लावलेली नसते, मुठीच्या कडा घासलेल्या नसतात, सांध्यात लोखंडाचा कीस राहिलेला असतो. हे सर्व दोष घरी दूर करता येतात. काही ठिकाणी मात्र काटकसर मालातच केलेली असते. पाते मऊ लोखंडाचे असते किंवा स्प्रिंगला ताणच नसतो. हे दोष घरी दूर होत नाहीत. म्हणून नियम सोपा आहे. जे घरी सुधारत नाही ते बाजारातच तपासावे. जे घरी सुधारते त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

बाजारातील पारख

पहिली परीक्षा स्प्रिंगची. चाकू उघडताना व मिटताना स्पष्ट 'टक्' असा आवाज यावा आणि शेवटी पाते स्वतःच्या जोराने जागेवर बसावे. नंतर चाकू उघडून मुठीच्या दोन्ही सपाट बाजू चिमटीत धराव्यात, बोटे पात्याच्या खाचेपासून दूर ठेवावीत व पात्याची पाठ लाकडी फळीवर हलकेच आपटावी. एवढ्याने पाते मिटत असेल, तर तो चाकू फुकटही घेऊ नये.

दुसरी परीक्षा पोलादाची. दुकानदाराची परवानगी घेऊन साध्या खिळ्याच्या टोकाने पात्याच्या बुंध्याजवळ ओरखडा काढून पाहावा. खिळा सहज रुतला तर पात्यास पाणी दिलेले नाही, अथवा ते नीट दिलेले नाही, असे समजावे. अशा पात्याची धार टिकत नाही. खिळा घसरला तर पाते बरे. लोहचुंबक चिकटला म्हणजे पोलाद उत्तम, हा समज मात्र चुकीचा आहे. मऊ लोखंडालाही चुंबक चिकटतो. चुंबक मुळीच चिकटत नसेल, तर ते पाते कठीण होणाऱ्या जातीचे नाही एवढे मात्र कळते.

तिसरी परीक्षा बैठकीची. चाकू मिटल्यावर पाते दोन्ही पट्ट्यांच्या मधोमध बसावे. ते एका बाजूस थोडे झुकलेले चालेल. परंतु धार मुठीला घासत असेल, तर चाकू परत करावा. उघड्या पात्याची बाजूने होणारी किंचित हालचाल हा दुरुस्त होणारा दोष आहे.

पाते तीन इंच असले की बागेतील कामांस पुरते. लांब पाते, चकचकीत मुलामा व जोडीला दिलेली चार उपांगे यांना भुलू नये. जितके सांधे अधिक, तितकी बिघडण्याची ठिकाणे अधिक.

घरची दुरुस्ती

प्रथम सांधा धुवावा. कोमट साबणाच्या पाण्यात चाकू उघडझाप करीत, दात घासण्याच्या जुन्या ब्रशाने कीस व माती काढावी. नंतर पुसून उन्हात पूर्ण वाळवावा. सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरे. जवसाचे किंवा करडईचे तेल घालू नये. ही तेले हवेने सुकून चिकट होतात व सांधा जखडतो.

पाते बाजूला डुगडुगत असेल तर रिव्हेटचे एक डोके जड लोखंडावर टेकवून दुसऱ्यावर लहान हातोडीने दोन-तीन हलके ठोके द्यावेत आणि प्रत्येक ठोक्यानंतर चाकू उघडून पाहावा. एकदम जोराने ठोकल्यास सांधा घट्ट बसतो. सांधा सैल करण्यासाठी चाकू चुलीत किंवा विस्तवावर मात्र कधीही धरू नये, कारण तापल्याने पात्याचे पाणी उतरते. सुमारे ३०० अंश सेल्सियस उष्णतेला पोलादावर निळी झाक येते. धारवाल्याच्या चाकावर पात्याची कड निळी पडली तर तेवढा भाग मऊ झाला असे जाणावे. चाकावर धार लावताना पाते वरचेवर पाण्यात बुडविणे याचसाठी आवश्यक असते.

मिटलेल्या चाकूचे टोक मुठीबाहेर डोकावत असेल, तर ते खिसा फाडते व मांडीत रुतते. अशा वेळी पात्याची पाठ टोकाजवळ दगडावर घासून टोक खाली आणावे. धारेची बाजू घासू नये. मुठीच्या बोचऱ्या कडा कानशीने गोल कराव्यात. मुठीस लाल दोरा बांधल्यास गवतात पडलेला चाकू चटकन दिसतो.

धार लावताना पात्याची पाठ दगडापासून किती उचलावी, हे अनेकांस माहीत नसते. पात्याच्या रुंदीच्या एक-तृतीयांश, हे माप लक्षात ठेवावे. पाते १८ मिलिमीटर रुंद असल्यास पाठ ६ मिलिमीटर उंच ठेवावी. म्हणजे कोन सुमारे २० अंशांचा होतो. प्रथम खरखरीत दगडावर एक बाजू घासावी. दुसऱ्या बाजूस बोटाला सर्वत्र बारीक खरखर लागली म्हणजे ती बाजू पुरी झाली. मग दुसरी बाजू तशीच घासावी, बारीक दगडावर दोन्ही बाजूंस आळीपाळीने हलके हात द्यावेत आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाते पाठीच्या दिशेने ओढावे. लिंबाची कोवळी फांदी न चिरडता एका ओढीत कापली गेली, म्हणजे धार उतरली.

कलमे, रोग आणि चाकू

बोथट चाकूने साल व लाकूड यांमधील वाढीचा थर चेंगरतो. मग डोळा चांगला असूनही कलम फसते. चाकूमार्फत रोगही पसरतात. मोसंबी-संत्र्याच्या झाडांतील एक्झोकॉर्टिस हा रोग कलमाच्या चाकूने एका झाडावरून दुसऱ्यावर जातो आणि रंगपूर लिंबाच्या खुंटावर त्याची बाधा दिसते. पाते ज्योतीवर धरल्याने किंवा स्पिरिटने पुसल्याने त्याचे रोगबीज नष्ट होत नाही. बाजारात मिळणाऱ्या चार-पाच टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटच्या एका भागात तीन भाग पाणी मिसळावे आणि झाड बदलताना पाते त्यात बुडवावे. या द्रावणाने पोलाद गंजते. म्हणून काम संपल्यावर पाते स्वच्छ पाण्याने धुऊन, पुसून त्यास तेलाचा हात द्यावा. केळीच्या चिकानेही पाते काळे पडते. बागेतून निघतानाच ते धुवावे.

चाकूची मर्यादा

स्प्रिंगचा चाकू उघडा राहतो, पण त्यास कुलूप नसते. फ्रान्सच्या सॅव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी सन १८९० मध्ये लाकडी मुठीचा एक साधा घडीचा चाकू तयार केला व तो तेथील शेतकऱ्यांच्या हाती रुळला. पाते हातावर मिटू नये म्हणून त्याला फिरते कडे बसविले गेले, ते सन १९५५ मध्ये. ज्या चाकूला असे कुलूप नाही, त्याने भोसकणे, उकरणे किंवा पाठीवर ठोकून फोडणे ही कामे करू नयेत. केळीची पिले काढण्यास कोयता किंवा पहार वापरावी. कापताना पात्याचा जोर धारेच्या दिशेने व अंगापासून दूर असावा.

एवढे करूनही जखम झालीच, तर ती साबणाने व भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावी, स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताच्या लसीविषयी विचारावे. जखमेवर माती, शेण किंवा तंबाखू लावू नये. शेतातील मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, हे विसरता कामा नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गावसभेच्या दिवशी दोन दगड, एक कानस व तेलाची बाटली बरोबर न्यावी आणि जमलेल्यांच्या खिशांतील चाकू काढून तपासावेत. जे सुधारतील ते तेथेच शेतकरी बंधूंच्या हातून सुधारून घ्यावेत. ज्यांची स्प्रिंग गेली आहे ते बाजूला काढावयास सांगावे. एका सकाळीत होणाऱ्या या कामाने काही कलमे वाचतील आणि काही बोटेही वाचतील.