भाड्याने मिळणारी कचेरी : झोहो संस्थेचे निर्णय आणि तिच्यापुढील प्रश्न

कचेरीचे काम म्हणजे पत्रव्यवहार, हिशेब, नोंदवह्या, बैठका आणि या सर्वांचे जतन केलेले दप्तर. हे दप्तर लोखंडी कपाटात असे तेव्हा त्याची किल्ली कोणाकडे आहे, हे कचेरीतील प्रत्येकास ठाऊक असे. संगणक आल्यावर दप्तर यंत्रात गेले. तरी यंत्र टेबलावरच होते. सॉफ्टवेअर, म्हणजे संगणकाकडून काम करवून घेणाऱ्या आज्ञावलींचा संच, एकदा विकत घ्यावयाचा, यंत्रात बसवावयाचा आणि निरुपयोगी होईपर्यंत वापरावयाचा, अशी रीत होती. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ही रीत पालटली. आता पत्र लिहिण्याचे, हिशेब मांडण्याचे, टपालाचे साधन इंटरनेटवरून वापरावयास मिळते. त्याबद्दल दरमहा किंवा दरसाल दरमाणशी शुल्क द्यावे लागते. आणि तयार होणारे सर्व दप्तर सेवा देणाऱ्या संस्थेच्या संगणकांवर राहते. कचेरी एका अर्थाने भाड्याच्या जागेत आली आहे.

असे असता, जागेच्या मालकाने घेतलेले निर्णय हे केवळ त्याच्या धंद्यापुरते राहत नाहीत. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ३ ऑक्टोबर २०२५ रोजी आपल्या अधिकाऱ्यांना झोहो संस्थेची कार्यालयीन साधने वापरण्याची सूचना दिली. त्याच महिन्यात प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांच्या टपालपेट्या या संस्थेच्या व्यवस्थेवर आणण्यात आल्या. ही संस्था कशी चालते, तिने कोणते मार्ग पत्करले व कोणते नाकारले, हे जाणून घेणे म्हणूनच उपयुक्त ठरेल.

मंदीतून झालेले वळण

झोहोचा आरंभ १९९६ मध्ये ॲडव्हेंटनेट या नावाने झाला. श्रीधर वेम्बू, त्यांचे बंधू आणि टोनी थॉमस हे तिच्या संस्थापकांपैकी होत. नोंदणी अमेरिकेत आणि काम करणारे अभियंते मुख्यतः चेन्नईत, अशी रचना होती. दूरसंचार यंत्रे बनविणाऱ्या कंपन्यांना जाळ्याच्या व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर पुरविणे हा तिचा पहिला व्यवसाय. २०००-०१ मध्ये अमेरिकेतील इंटरनेट व दूरसंचार क्षेत्रातील फुगवटा फुटला आणि तिच्या ग्राहकांचे मंडळच आक्रसले. अशा वेळी नोकरकपात करून जुना धंदा सांभाळणे किंवा उरलेल्या गंगाजळीच्या आधारे नवे काही उभारणे, हे दोनच मार्ग होते. संस्थेने दुसरा मार्ग घेतला. मोठ्या कचेऱ्यांतील संगणकांची देखभाल करणारी ‘मॅनेजइंजिन’ ही उत्पादने त्यातून निघाली. आणि २००५ मध्ये झोहो या नावाने इंटरनेटवर चालणारे लेखनसाधन व ग्राहकांच्या नोंदी ठेवणारे साधन पुढे आले. २००९ मध्ये संस्थेनेच झोहो हे नाव धारण केले.

लेखनसाधन बाजारात येऊन वर्ष होते न होते तोच, २००६ मध्ये, गूगलने तशाच प्रकारची साधने विनामूल्य देऊ केली. फुकट मिळणाऱ्या वस्तूशी पैसे घेणाऱ्याने स्पर्धा कशी करावी? एखादेच साधन सर्वोत्तम करून दाखविण्याच्या मागे न लागता लहान व मध्यम उद्योगाला लागणारी सर्वच साधने, म्हणजे टपाल, हिशेब, विक्री, तक्रारनिवारण, कर्मचाऱ्यांच्या नोंदी, एकाच छपराखाली आणावयाची आणि त्यांची किंमत कमी ठेवावयाची, असे झोहोने ठरविले. २०१७ मध्ये पस्तीसहून अधिक साधनांचा संच एकत्रित शुल्कात देण्यास प्रारंभ झाला, तो या धोरणाचाच परिपाक होय. याचा तोटाही उघड आहे. अनेक साधने एकाच वेळी सुधारत ठेवणे हे थोड्या मनुष्यबळाचे काम नव्हे, आणि संचातील प्रत्येक साधन सारखेच समर्थ असत नाही.

परके भांडवल नको

संस्थेचा सर्वांत दूरगामी निर्णय भांडवलासंबंधीचा आहे. या क्षेत्रातील बहुतेक कंपन्या साहसवित्त घेऊन वाढतात. असा निधी देणाऱ्या मंडळींना ठराविक वर्षांत आपली गुंतवणूक अनेक पटींनी परत हवी असते. म्हणून कंपनीला एकतर वेगाने वाढून समभाग बाजारात आणावे लागतात, नाहीतर मोठ्या कंपनीच्या स्वाधीन व्हावे लागते. भाडेकरूच्या दृष्टीने दोन्हींचा अर्थ एकच : मालक बदलू शकतो आणि त्याबरोबर भाडेही. झोहोने बाहेरचे भांडवल घेतले नाही आणि समभागही बाजारात आणले नाहीत. ग्राहकांकडून येणाऱ्या शुल्कातूनच वाढ करावयाची, हे बंधन तिने स्वतःवर घालून घेतले. जाहिरातींचे उत्पन्नही तिने नाकारले. विनामूल्य मिळणाऱ्या साधनांतही जाहिराती दाखविल्या जात नाहीत. या संथ मार्गाने जाऊन २०२२ मध्ये तिने वार्षिक उत्पन्नाचा एक अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडल्याचे आणि २०२३ मध्ये वापरकर्त्यांची संख्या १० कोटींवर गेल्याचे जाहीर केले.

मात्र या स्वावलंबनाचे कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड होऊ नये. ज्या कंपनीचे समभाग बाजारात असतात तिला दर तिमाहीस आपले हिशेब व जोखमी जनतेपुढे मांडाव्या लागतात. खाजगी कंपनीवर तेवढे बंधन नसते. सार्वजनिक दप्तर सांभाळणाऱ्या संस्थेच्या बाबतीत ही उणीव करारातील अटी, तपासणी आणि लेखापरीक्षण यांनीच भरून काढावी लागते. चालकांचा सद्हेतू ही काही कायदेशीर तरतूद नव्हे.

तेनकाशीची कचेरी

पंचायत सदस्य व शिक्षक यांना विशेष रस वाटावा असा निर्णय मनुष्यबळासंबंधीचा आहे. २००५ च्या सुमारास संस्थेने चेन्नईत स्वतःचे प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. बारावी किंवा पदविका झालेल्या मुलामुलींना शुल्क न घेता, उलट विद्यावेतन देऊन, संगणकाची भाषा, गणित व इंग्रजी शिकवावयाचे आणि पुढे कामावर घ्यावयाचे, अशी ही योजना. महाविद्यालयाची पदवी आणि प्रत्यक्ष कौशल्य यांचा संबंध मानला जातो तितका घट्ट नाही, या अनुभवावर ती उभी आहे. ज्या घरात चार वर्षांच्या अभियांत्रिकी शिक्षणाचा खर्च झेपत नाही त्या घरातील मुलासाठी हे दार मोलाचे आहे. पदवीवाचून घेतलेले हे शिक्षण दुसऱ्या मालकाच्या दारी किती ग्राह्य धरले जाईल, हा प्रश्न मात्र अशा प्रत्येक योजनेला विचारावा लागतो.

२०११ मध्ये संस्थेने पश्चिम घाटाच्या पायथ्याशी, तामिळनाडूतील तेनकाशीजवळच्या मदलम्पारै या गावी कचेरी उघडली. ग्राहकांच्या तक्रारींची नोंद व निवारण करणारे ‘झोहो डेस्क’ हे साधन तेथील अभियंत्यांनी घडविले. शहरातील मुख्य कचेरीने फेकलेली किरकोळ कामे गावात करावयाची, असा हा प्रकार नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. २०२० च्या टाळेबंदीत कर्मचारी आपापल्या गावी परतले, तेव्हा लहान गावांतून शाखा काढण्याच्या या विचारास आणखी गती मिळाली. स्वतः वेम्बू तेनकाशीच्या परिसरात राहावयास गेले.

अशी कचेरी आपल्याही गावी यावी, असे कोणत्याही सरपंचास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तिच्या मागण्या कारखान्यापेक्षा वेगळ्या असतात. तिला विस्तीर्ण जमीन किंवा रेल्वेचा फाटा लागत नाही. अखंड वीज, एक तुटल्यास दुसरी चालेल अशा दोन इंटरनेट वाहिन्या, आणि ज्या शाळेत अभियंता आपले मूल निःशंकपणे घालील अशी शाळा लागते. यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत दुर्मिळ आहे.

दप्तर कोठे, आणि पाटी कोणाची

झोहो आपल्या सेवा दुसऱ्या कंपनीच्या भाड्याच्या संगणकांवर न चालविता स्वतः उभारलेल्या व्यवस्थेवर चालविते. भारतीय ग्राहकांची माहिती भारतातील विदाकेंद्रांत ठेवली जाते. एका ठिकाणी बिघाड झाल्यास दुसऱ्या ठिकाणी प्रत असावी, हा एकाहून अधिक केंद्रांमागील हेतू. खर्च अधिक, परंतु ताबा आपला, असा हा सौदा आहे.

तरीही ताबा किती अपुरा असू शकतो, याचा धडा २४ सप्टेंबर २०१८ रोजी मिळाला. इंटरनेटवरील प्रत्येक स्थळास एक नाव असते आणि त्या नावामागे यंत्रांना समजणारा क्रमांक असतो. नावाची नोंद ठेवण्याचे काम नोंदणीसंस्था करतात आणि त्यासाठी वार्षिक शुल्क घेतात. झोहोच्या टपालसेवेचा उपयोग करून काही भामट्यांनी फसवणुकीची पत्रे धाडली होती. त्यासंबंधीच्या मोजक्या तक्रारींवरून नोंदणीसंस्थेने त्या दिवशी झोहोचे नावच स्थगित केले. संगणक चालू होते, माहिती सुरक्षित होती, अभियंते जागेवर होते; पण नावावरून क्रमांक सापडेना, म्हणून जगभरातील ग्राहकांना आपल्या टपालपेटीपर्यंत पोहोचता येईना. संस्थेच्या प्रमुखांना समाजमाध्यमावरून जाहीर साद घालावी लागली. नाव पूर्ववत झाल्यावरही सर्वत्र सेवा सुरळीत होण्यास वेळ गेला, कारण जुनी नोंद जागोजागीच्या यंत्रांनी साठवून ठेवलेली असते. त्यानंतर संस्थेने आपले नाव दुसऱ्या नोंदणीसंस्थेकडे हलविले.

गोदाम आपले, माल आपला, पण दारावरची पाटी दुसऱ्याच्या हाती, असा हा प्रकार झाला. सरकारी टपालाच्या बाबतीत पत्त्याचे नाव शासनाचेच राहते, ही म्हणून क्षुल्लक बाब नाही. नाव आपल्या ताब्यात असेल तर त्यामागील यंत्रणा बदलता येते आणि नागरिकास ठाऊक असलेला पत्ता कायम राहतो.

गुप्तता आणि अभिलेख

२०२५ च्या सप्टेंबरात संस्थेच्या ‘अरट्टै’ या संदेशसाधनाकडे लोकांचा एकाएकी लोंढा आला. तामिळ भाषेतील या शब्दाचा अर्थ गप्पा असा आहे. २०२१ मध्ये निघालेले हे साधन तोवर फारसे परिचित नव्हते. दिवसाकाठी तीन हजार नवे वापरकर्ते येत, ते तीन दिवसांत साडेतीन लाखांवर गेल्याचे वेम्बू यांनी सांगितले. यंत्रसामग्री तातडीने वाढवावी लागली. त्याच वेळी एक आक्षेपही पुढे आला : संभाषणाचे ध्वनी-चित्र पाठविणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत कुलूपबंद होते, लिखित संदेशांना मात्र तशी सोय नव्हती. म्हणजे मधल्या संस्थेला ते वाचणे तत्त्वतः शक्य होते. ही उणीव दूर करण्याचे काम संस्थेने त्यानंतर हाती घेतले.

कचेरीच्या साधनांत हाच प्रश्न उलट्या बाजूने उभा राहतो. खाजगी गप्पा कोणासही वाचता येऊ नयेत, हे रास्त आहे. परंतु कार्यालयीन पत्र हा अभिलेख असतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली तो शोधून द्यावा लागतो, बदली झालेल्या अधिकाऱ्याच्या जागी आलेल्यास तो सापडावा लागतो. तेव्हा कुलूप हवे आणि किल्लीही कचेरीकडे हवी, सेवा देणाऱ्याकडे नव्हे. ही व्यवस्था बोलावयास सोपी, उभारावयास कठीण आहे.

नवी यंत्रबुद्धी

जानेवारी २०२५ मध्ये वेम्बू यांनी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे पद सोडून संशोधनाची धुरा घेतली. शैलेशकुमार दवे हे नवे प्रमुख झाले. मे महिन्यात अर्धसंवाहक चिप बनविण्याची सुमारे ७० कोटी डॉलरची योजना, तंत्रज्ञानाविषयी पुरेशी खात्री नाही या कारणास्तव, स्थगित करण्यात आली. जुलैमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेची स्वतःची भाषाप्रारूपे संस्थेने जाहीर केली. त्यांचे आकारमान १३०, २६० व ७०० कोटी घटकांचे आहे. मोठ्या परदेशी प्रारूपांच्या मानाने ती लहान आहेत. पण लहान प्रारूप चालविण्यास खर्च कमी येतो आणि ग्राहकाची माहिती आपल्या केंद्राबाहेर पाठवावी लागत नाही.

अडचण वेगळीच आहे. दरमाणशी शुल्क आकारणाऱ्या धंद्यात ग्राहकाकडील माणसे कमी झाली की उत्पन्नही घटते. तिघांचे टंकलेखन, वर्गवारी व उत्तरे एकट्याने यंत्राच्या साह्याने केली, तर शुल्क एकाचेच मिळते. साधन जितके उत्तम तितके उत्पन्न कमी, असा पेच या क्षेत्रातील सर्वच कंपन्यांपुढे आहे. शुल्क माणसांवर घ्यावयाचे की यंत्राने उरकलेल्या कामावर, याचा निर्णय झाल्यास सरकारी निविदांतील दरपत्रकाचे नमुनेही बदलावे लागतील.

केंद्रीय टपालसेवेचा करार २०२३ मध्ये सात वर्षांसाठी झाल्याचे वृत्त आहे. म्हणजे २०३० च्या सुमारास तो पुन्हा निविदेस येईल. तोवर साठलेली पत्रे कोणत्या स्वरूपात बाहेर काढता येतील, ती दुसऱ्या व्यवस्थेत जशीच्या तशी उघडतील की नाही, आणि स्थलांतराचा खर्च कोणी सोसावयाचा, हे त्या वेळच्या नव्हे, तर आजच्या अटींवर अवलंबून राहील.