गोटीएवढं रोप, त्यावर चोरांचा डोळा

दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिमेला क्नर्सव्लाक्टे हा खुरट्या झुडपांचा कोरडा माळ आहे. तिथं पांढऱ्या गारगोट्यांत कोनोफायटम कॅल्क्युलस उगवतं. दिसायला अगदी खेळायची गोटी! तिथं पाऊस हिवाळ्यात, म्हणजे आपल्या जून-ऑगस्टमध्ये पडतो. तेव्हाच ते पाणी साठवून घेतं. उन्हाळ्यात जुनी पानं कागदासारखी वाळून आतल्या नव्या पानांवर पांघरूण धरतात. बघणाऱ्याला वाटतं, रोप मेलं. पण ते जिवंत असतं.

2019 नंतर तिथं कोनोफायटमच्या जातींची चोरी फार वाढली. शोभेसाठी ही रोपं ऑनलाइन परदेशात विकतात. वाढायला वर्षं लागतात, उपटायला मिनिटही नाही. मोबाईलवर असं रोप विकायला दिसलं, तर ते नर्सरीत बियांपासून वाढवलंय का, एवढं आधी विचारा. मुळं तुटलेली, पानांवर जुने डाग असतील तर माळावरून उपटलेलं असण्याची शंका घ्यायला हरकत नाही.