रेघ सरकली की गावे वाढतात : स्वमग्न मुलांची मोजणी

पैसेवारी काय असते हे तुम्हाला सांगायला नको. 50 पैशांच्या आतले गाव टंचाईत, वरचे बाहेर. उद्या ही रेघ 60 वर नेली तर सोलापूर जिल्ह्यातली टंचाईची गावे एका रात्रीत वाढतील. पाऊस मात्र तेवढाच पडलेला असेल.

स्वमग्नतेच्या, म्हणजे ऑटिझमच्या, आकड्यांवरून जगभर असाच वाद चालू आहे. 1943 साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी 11 मुलांची हकिकत लिहिली. आपल्याच नादात असणारी, जरा काही बदलले की बिथरणारी ही मुले. पुढे रेघ सरकत गेली. 1994 मध्ये चांगले बोलणारी, पण माणसांत न मिसळणारी मुलेही यादीत आली. 2013 मध्ये सगळ्यांना एकाच नावाखाली घेतले. अमेरिकेतल्या पाहणीत 2000 साली 8 वर्षांच्या 150 मुलांमागे एक स्वमग्न होते, 2022 साली 31 मागे एक. 1994 च्या व्याख्या-समितीचे प्रमुख डॉ. अ‍ॅलन फ्रान्सिस हेच आता म्हणतात, की व्याख्या सैल झाल्याने आकडा फुगला. दुसरा पक्ष म्हणतो, मुले आधीही होतीच, ओळखत कुणी नव्हते. दोन्हींत तथ्य आहे. (लसीला बोल लावणारा 1998 चा लेख मात्र 'लॅन्सेट'ने 2010 मध्ये रद्द केला. तेव्हा लस चुकवू नका.)

आपल्याकडची गोष्ट उलटी. 1995 च्या अपंग कायद्यात 7 प्रकार होते, त्यात स्वमग्नता नव्हती. 2011 च्या जनगणनेतही वेगळा रकाना नव्हता. मग ही पोरं गेली कुठं? काही 'मतिमंद'मध्ये, काही 'इतर'मध्ये, बाकीची कुठंच नाहीत. गावानं त्यांना येडसर म्हटलं, नाहीतर बाहेरचं झालंय म्हणून अंगारा लावला. 2016 च्या कायद्याने प्रकार 21 केले आणि स्वमग्नता त्यात घेतली. पण रेघ बदलली तरी पंचनाम्याला तलाठी बांधावर आलाच नाही, अशी गत आहे.

उत्तर गोव्यासह देशातल्या 5 ठिकाणच्या मुलांची पाहणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात शंभरात साधारण एक मूल स्वमग्न निघाले. म्हणजे 300 पटाच्या शाळेमागे तीनएक. ग्रामसेवकांनी आपली दिव्यांग यादी काढून अशी किती नावे आहेत ते बघावे. आकडा फुगल्याची काळजी आपण आत्ताच करायचे कारण नाही. शिवाय दाखल्यासाठीच्या भारतीय मोजपट्टीत 40 मुद्दे आहेत, आणि 70 च्या खाली गुण आले तर स्वमग्नता धरतच नाहीत. उगाच कुणी त्यात शिरेल, असे नाही.

दीड वर्षाचे पोर नावाने हाक मारली तरी बघत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, तर 'याचा बापबी उशिराच बोलला' म्हणून थांबू नका. आधी कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, त्यांना पोर दाखवा. पुढे दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण तपासणीला मूल घेऊन जावेच लागते. करमाळ्याहून सोलापूर म्हटले की मजुरीचा अख्खा दिवस गेला. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. त्यातून या पोरांसाठी काय करता येईल, हे येत्या ग्रामसभेत विचारा.