उत्तर आले, फोड राहिली

क्रिप्टिक शब्दकोड्यातला क्लू वरवर साधे वाक्य वाटतो, पण त्याचे काम सोडवणाऱ्याला चकवण्याचे असते. त्यात एक भाग उत्तराचा सरळ अर्थ सांगतो आणि उरलेला अक्षरांची करामत. अर्थ क्लूच्या सुरुवातीला तरी असतो नाहीतर शेवटी. मराठीत रचायचा तर असा: ‘गरीब, उलटी वाहणारी नदी’, दोन अक्षरे. ‘नदी’ उलटी केली की ‘दीन’ मिळतो आणि ‘गरीब’ हा त्याचा अर्थ. ‘कसा पडला, आत दडला सरपटणारा’ यात ‘साप’ सलग अक्षरांत समोरच बसलेला असतो, तरी पटकन दिसत नाही.

हा खेळ ब्रिटनमध्ये वाढला. ‘टॉर्कमाडा’ या टोपणनावाने एडवर्ड पॉविस मॅथर्स 1926 पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये अशी कोडी रचू लागले. त्यांच्या जागी आलेल्या डी. एस. मॅकनट यांनी, म्हणजेच ‘झिमेनीस’ यांनी, 1966 साली पुस्तक लिहून कोडेकाराने पाळायची शिस्त मांडली: चकवा जरूर द्यावा, पण क्लूत एकही शब्द उगाच नसावा. चारचौघांत कोडे सोडवता येते ते या शिस्तीमुळेच. प्रत्येक शब्दाचा हिशेब लागलाच पाहिजे म्हटल्यावर वाद मिटवायला पंच लागत नाही.

अडलेला माणूस सहसा रिकाम्या हाताने येत नाही. आडव्या-उभ्या शब्दांतून अक्षरे मिळालेली असतात, उत्तरही सुचलेले असते; फोड तेवढी होत नसते. अशा वेळी दुसऱ्याचे वाचन उपयोगी पडते. इंग्रजी क्लूतल्या ‘मेडन’मध्ये एकाला तरुणी दिसते, तर क्रिकेटवेड्याला धावफलकावरचे ‘एम’ अक्षर. ‘फ्लॉवर’ म्हणजे फूल नव्हे, ‘फ्लो’ होणारी नदी, हे मुरलेल्याला लगेच कळते, नवख्याला कोणीतरी एकदा सांगावे लागते.

मदत करण्याचीही रीत आहे. थेट उत्तर सांगणे वाईटच, कारण त्याने समोरच्याचा आनंद जातो. आधी अर्थाचा भाग कुठे संपतो एवढेच सुचवावे. तेवढ्याने भागले नाही तर कोणता शब्द करामतीची खूण आहे ते दाखवावे. बहुतेकांचे काम तिथेच होते. फोड करताना एखादा शब्द उरला, तर अक्षरे चौकटीत चपखल बसली तरी उत्तरावर शंका घ्यावी.

दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात सहसा नुसती भरलेली चौकट छापून येते. न सुटलेली फोड त्यानंतरही मंडळी एकमेकांना विचारत राहतात.